इंझोरीच्या धुऱ्यावरचे काळे ठिपके

आमच्या घरात मी सांगितलेली गोष्ट निम्मी करून ऐकायची पद्धत आहे. मी म्हणाले, ‘हातभर साप होता,’ की नवरा समोरच्याला नुसत्या डोळ्यांनी सांगतो, ‘वीतभर.’ म्हणून या वेळी मी असा प्राणी निवडला आहे, की त्याला निम्मं केलं तर हातात काही उरतच नाही. फुलकिडा. शेतकी खात्यातले लोक ज्याला थ्रिप्स म्हणतात तो. तीळ उभा चिरला तर त्याची एक फाक होईल, एवढा. त्याला बघायला मी सांगलीहून वाशीम जिल्ह्यात गेले होते, हे सांगितल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, “आपल्या मिरचीवर नव्हते का?”

होते. पण ते वेगळे.

त्याचं असं झालं. माझ्या भावाची मुलगी सायली फुलकिड्यांवर डॉक्टरेट करते आहे. मिरची आवळून टाकणारे, कांद्याची पात पांढरी करणारे ते सगळे बदनाम भाऊबंद सोडून तिनं हॅप्लोथ्रिप्स नावाची एक प्रजाती धरली आहे. त्यातले बरेचसे कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. रानफुलांत जन्मतात आणि तिथंच संपतात. प्रजाती म्हणजे आडनाव आणि जात म्हणजे नाव, असं तिनं मला समजावलं. आडनाव ओळखायची खूण म्हणजे पंख मधोमध चिमटल्यासारखे अरुंद. नाव ओळखायचं म्हणजे मात्र मिशांची पेरं, केसांची लांबी, पुढच्या पायावरचा दात, असलं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं.

आदल्या हिवाळ्यात इंझोरी गावात, गोरखमुंडीच्या फुलात, तिला एक नर सापडला. पुढचे पाय दंडासारखे जाड आणि त्यावर भलामोठा दात. पुस्तकातल्या कुठल्याच जातीशी तो जुळेना. नवी जात असावी! पण तिचे सर म्हणाले, एका किड्यावर नाव देता येत नाही. आणखी नर आण, माद्या आण, नाहीतर ते प्रकरण प्रबंधातून काढ. आणि फिरतीसाठी तिच्याकडे हा एकच हिवाळा उरला होता.

तिची जोडीदारीण नेमकी टायफॉइडनं आडवी पडली. ट्रे धरायला कुणीतरी हवं होतं. भावाचा फोन आला, “तू मोकळीच असतेस ना?” पन्नाशीतल्या बाईला घरातले लोक हा प्रश्न विचारतात तेव्हा तो प्रश्न नसतो. मी पोहे निवडायचा पांढरा ट्रे पिशवीत टाकला आणि निघाले.

शेलूबाजार

बसनं आम्हाला पहाटे हायवेवर उतरवलं तेव्हा थंडी अशी होती, की मी सायलीची ओढणीही मागून घेतली. सांगलीच्या थंडीला आम्ही स्वेटर घालतो ते कौतुकानं. इथली थंडी हाडाची चौकशी करते. बाजाराचं गाव नुकतं जागं होत होतं. चहावाल्यानं “चाय घ्या बाई, अंगात ऊब येईन” म्हणत ग्लास हातात दिला. तो चहा इतका गोड होता, की आमच्याकडे तेवढ्या साखरेत तीन माणसांचा झाला असता.

कारंज्याच्या जीपमध्ये मी ड्रायव्हरशेजारी बसले. त्यानं गाव विचारलं, मग काम विचारलं. मी खरं ते सांगितलं.

“किडे पाहाले?” त्यानं गिअर टाकला. “आमच्या इकडं लोकं कायवीट पाहाले येतेत. किडे पाहाले तुमीच पयल्या.”

“चांगले असतात,” मी काळविटांपुढं उगाचच किड्यांची बाजू घेतली.

“असतीन ना बाप्पा. घेऊन जा सारे. पैसे नाई मागत आमी.”

मागची सगळी जीप हसली. तेवढ्यात उजाडलं आणि मी ओढणीनं काच पुसली. काळी जमीन क्षितिजापर्यंत सपाट पसरलेली, तिच्यावर तुरीच्या सुकत आलेल्या ओळी, मध्येच हिरवागार हरभरा, आणि या सगळ्यावर जमिनीलगत धुक्याचा एक पातळ थर. आमच्याकडे उसानं नजर अडते. इथं नजर सोडली की परत यायला वेळ लागत होता.

कारंजा लाड

कारंजा जुनं व्यापारी गाव. कापसाच्या गाड्या, धान्याचा वास, गल्लीच्या वळणावर अचानक दिसणारं जैन मंदिराचं शिखर. मी देवळं बघायची यादी केली होती. सायलीनं लॉजच्या दारातला झेंडू बघितला.

तिनं एक फूल पांढऱ्या कागदावर हलकेच आपटलं. आधी काही दिसलं नाही. मग कागदावरची धूळ चालायला लागली.

“हे बघ आत्या,” म्हणून तिनं ओल्या ब्रशच्या टोकानं त्यातला एक कण उचलला आणि प्रवासी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मी चष्मा काढला, मग घातला, एकदा माझ्याच पापणीचे केस बघून घाबरले, आणि मग तो दिसला.

आता इथं निम्मं करू नका. त्याला पंख होते, पण आपल्याला माहीत असलेले पंख नव्हेत. एक बारीकशी पट्टी आणि तिच्या कडेनं लांबच लांब केसांची झालर, एक केस दुसऱ्यावर न चढणारी. पायाच्या टोकाला नख्या-बिख्या नाहीत. चालताना टोकाशी एक फुगा फुगतो आणि पुन्हा आत जातो. आणि तोंडात, सायली म्हणाली, फक्त डावा जबडा. उजवा वाढतच नाही.

“कुणाचाच?”

“जगातल्या कुठल्याच फुलकिड्याचा नाही.”

मी त्या डावऱ्या प्राण्याकडे बघत राहिले. शेपूट वर करून तो विंचवासारखा ऐट करत होता. कुणाला घाबरवायला, देव जाणे. त्या दिवशी मी देवळात गेले ती उशिराच, आणि हात जोडल्यावर डोळ्यांपुढं झालर आली.

इंझोरी

दुसऱ्या दिवशी एसटीनं इंझोरीला उतरलो तर गजाननभाऊ घ्यायलाच आले होते. ज्या धुऱ्यावर तो नर सापडला, तो त्यांचा. दोन शेतांमधल्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. सायलीनं त्यांना आठवडाभर आधी फोन करून सांगितलं होतं, की तुमच्या धुऱ्यावरचे किडे बघायला येते आहे. भाऊ आम्हाला बघून इतके खूष झाले, की मला वाटलं आपण लग्नाचं आमंत्रण घेऊन आलो आहोत.

“चला, आंदी वावर पाहा. मंग जेवन.” चालता चालता ते मागं वळून म्हणाले, “पाहासानच तुमी.”

आणि आम्ही पाहिलं. हरभऱ्याच्या कडेनं लांबवर गेलेला धुरा शेणानं सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ होता. एक काडी नाही. गोरखमुंडीची ती जांभळी, गोंड्यासारखी फुलं, जी सायलीनं मला फोटोत दाखवली होती, त्यांचं नाव नाही. नुसती विंचरलेली काळी माती.

“मी अन् मंदानं दोन दिस लावले,” गजाननभाऊ कमरेवर हात ठेवून उभे होते. “एक किडा सापडनार नाई तुमाले. पाहा, कुठंबी पाहा!”

सायली मटकन धुऱ्यावर बसली.

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. “काहून? काई राह्यलं का?”

मी समजावून सांगितलं. अर्धं सांगून झाल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी मागं सारली. “म्हंजे तुमाले किडे *पायजे* होते?” मग जरा दुखावल्यासारखे म्हणाले, “आता पाहुनी म्हनते किडे पाहाले येतो. मानसानं काय समजाव? आपल्या धुऱ्यावर कीड निंघाली तं इज्जत काय राह्यते?”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पाहुणे तपासायला येणार म्हटल्यावर मीसुद्धा फ्रिज पुसते.

सायली उठली ती थेट विहिरीकडे गेली. विहिरीच्या पाळीमागे, दगडांच्या फटीत, भाऊंच्या नजरेतून निसटलेली गोरखमुंडीची दोन झुडपं होती. “आत्या, ट्रे!”

माझ्या आयुष्यातला हा महत्त्वाचा क्षण होता. मी फुलांखाली ट्रे धरला, तिनं काडीनं फुलं झटकली. गोरखमुंडीला एक उग्र, औषधी वास असतो. ट्रेवर तीन-चार काळे ठिपके पडले आणि चालायला लागले. सायलीनं ब्रश पुढं केला. आणि मी शिंकले.

साधी शिंक असती तरी चाललं असतं. पण आमच्या माहेरची शिंक वाड्यावस्तीला ऐकू जाते. ट्रे पुन्हा पोह्यांसाठी वापरता येईल इतका रिकामा झाला.

सायली माझ्याकडे बघत नव्हती, आणि ते फार लागलं. दुसऱ्या झुडपाची फुलं वाळून गेली होती. त्यातून काहीच पडलं नाही. दोन वर्षांचं काम, आणि निम्मं पाहुणचारात गेलं, निम्मं माझ्या नाकात.

गजाननभाऊंचं अंगण

जेवायला बसलो. सायली नुसती भाकरी कुस्करत होती. मंदाताई, म्हणजे भाऊंची बायको, वाढत होत्या. ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी, त्या दाण्यांना इकडे सोले म्हणतात, ज्वारीची ऊन भाकर आणि लसणाचा ठेचा. सांगली-कोल्हापूरच्या तिखटाचा मला फार अभिमान. ठेच्याच्या पहिल्या घासाला तो डोळ्यांवाटे वाहून गेला.

“जेव ना वं माय,” मंदाताई सायलीला म्हणाल्या. “असी काहून बसली? मले सांगतलं यायनं. आमी तं चांगल्यासाठी केलं बाई.”

“तुमची चूक नाही हो काकू.” मग सायलीचा हात भाकरीवरच थांबला. “काकू, उपटलेलं गवत कुठं टाकलं?”

“गोठ्यामांगं. आज शेकोटीले लावतो म्हने हे.”

सायली उष्ट्या हातानं उठली.

गोठ्यामागं छातीएवढा ढीग होता. वरचं वाळलेलं, पण आत हात घातला तर ओलसर, आणि जिकडेतिकडे जांभळे गोंडे. अख्ख्या धुऱ्याची गोरखमुंडी एका जागी! सायलीनं एक गोंडा फोडला, भिंग लावलं आणि श्वास घेतला. “आहेत. आत दडून बसलेत. पण ढीग वाळतोय, हळूहळू निघून जातील. काकू, एखादं मोठं खोकं आहे?”

वऱ्हाडात कूलर नाही असं घर नाही आणि कूलरचं खोकं टाकून दिलं असं घर नाही. माळ्यावरून खोकं आलं. आम्ही त्यात गोरखमुंडी दाबून भरली. सायलीनं एका बाजूला भोक पाडलं आणि त्यात पाण्याच्या रिकाम्या, पारदर्शक बाटलीचं तोंड बसवलं. बाकी कुठूनही उजेड आत जाता कामा नये, म्हणाली. फटी बुजवायला मंदाताईंनी कणीक आणली आणि पुरणपोळीच्या कडा दाबाव्यात तशा सगळ्या फटी दाबल्या.

“आता?” भाऊ म्हणाले.

“आता वाट बघायची. फूल वाळलं की ते बाहेर निघतात. आत अंधार, उजेड फक्त बाटलीत.”

म्हणून आम्ही चौघं अंगणात खोक्यासमोर बसलो. ऊन बाटलीवर पडलेलं. बाटलीत काही नाही. शेजारचे एक गृहस्थ कुंपणापाशी थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “काय गज्या, नवा टीव्ही आनला का बे?”

“हाव. तुया घरचीच शिरियल लागते त्याच्यावर. जाय तिकडं!”

वाट बघताना बोलणं निघतंच. सायली सांगत होती, की फुलकिड्यांमध्ये फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. म्हणजे नराला बाप नसतो.

मंदाताईंचे तुरी सोलणारे हात थांबले. “बापच नाई?”

“नाही.”

“पन त्याच्या मायले असन ना?”

“आईला असतो.”

मंदाताईंनी मनाशी हिशोब केला. “म्हंजे त्याले आजा असते, पन बाप नसते.” मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “आइकलं का? तरी कोनाचं अडत नाई.”

भाऊ “हाव, हाव” म्हणून हसत होते, तेवढ्यात सायलीनं माझा दंड धरला. इतका घट्ट, की संध्याकाळपर्यंत वळ राहिला.

बाटलीच्या तळाशी एक काळा ठिपका चढत होता.

मग दुसरा. मग काही वेळ कुणीच नाही. आणि मग, उन्हाचा जोर वाढला तसे, ते येतच राहिले. काळे प्रौढ, शेंदरी रंगाची पिल्लं, कुणी घाईनं, कुणी थांबून शेपूट उचलून पुढं. बाटलीची भिंत जिवंत झाली. आपण ज्याला गवत म्हणून उपटतो, त्यात एवढी वस्ती होती. प्रत्येकाला पंख, प्रत्येक पंखाला झालर, प्रत्येक तोंडात तो एकुलता एक डावा जबडा. मी आयुष्यात बऱ्याच मोठ्या गोष्टींपुढं उभी राहिले आहे, समुद्र, गोलघुमट, माझी सासू. पण इतकं लहान वाटलं ते त्या बाटलीपुढं.

सायलीनं काही बाहेर घेतले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आम्ही तिच्या तोंडाकडे बघत होतो. “मादी,” ती म्हणाली. “मादी. पिल्लू. मादी.” मग पुढच्याला तिनं सूक्ष्मदर्शकाची चकती दोनदा फिरवली. नुसती बाजूला सरकली आणि मला जागा दिली.

जाड दंड. मोठा दात. तोच.

गजाननभाऊंनी शेवटी बघितलं. वाकले, एक डोळा मिटला, आणि तसेच राहिले. पाठ दुखली असेल, पण उठले नाहीत. “याले तं हात हायेत,” ते हळूच म्हणाले. मग उठून गोठ्यामागं गेले आणि ढिगावर शेकोटीसाठी ठेवलेल्या तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, एकेक करून बाजूला काढायला लागले.

निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “नवा निंघाला तं नाव देतेत ना त्याले? इंझोरीचं देता येते का?”

“येतं,” सायली म्हणाली. पोरीचे डोळे चमकत होते.

सांगली

पुढचं काम सावकाशीचं. एकेक किडा धुवायचा, त्याचा रंग उतरवायचा, पंख पसरायचे, काचपट्टीवर बसवायचा, महिनाभर वाळवायचा. गजाननभाऊंचा अधूनमधून फोन यायचा, “झालं का बारसं?” सायली म्हणायची, “अजून नाही काका.”

दिवाळीला ती घरी आली ती सूक्ष्मदर्शक घेऊनच. माझ्या जेवणाच्या टेबलावर तिनं काचपट्ट्या ओळीनं लावल्या. सगळे इंझोरीचे नर. “आत्या, पहिल्यापासून बघत जा.”

पहिला नर किरकोळ. पुढचे पाय काडीसारखे, दात असून नसल्यासारखा. हा म्हणे पुस्तकातला, सगळ्यांना माहीत असलेला. शेवटचा आमचा, आखाड्यातून माती झटकत बाहेर पडलेला. आणि मधले? मधला प्रत्येक जण मागच्यापेक्षा केसभर जाड, पुढच्यापेक्षा केसभर बारीक. मी पुन्हा मागून पुढं बघत आले. कुठंही पायरी नव्हती.

“इथं रेघ कुठं मारायची सांग,” सायली म्हणाली.

मी एका पट्टीवर बोट ठेवलं, मग पुढच्या, आणि मग उचलूनच घेतलं.

“मलाही नाही सापडत. ज्या पिल्लाला भरपूर खायला मिळालं ते मोठं झालं, एवढंच. नवी जात नाहीये, आत्या. उलट, पूर्वी कुणीतरी अशाच एका दांडग्या नराला वेगळं नाव दिलं होतं, तेही आता जाईल. सर म्हणाले, प्रकरण राहू दे. फक्त त्यात नाव ठेवायचं नाही, काढायचं.” ती हसायला गेली, आणि तिला पुरतं जमलं नाही. मग पुन्हा वाकून पहिल्या पट्टीपासून बघायला लागली. जेवण गार झालं तरी ती बघत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर तेच नवल आलं, जे बाटलीपुढं आलं होतं.

मार्गशीर्षात सायली पुन्हा आली असताना गजाननभाऊंचा फोन आला. सायलीनं तो माझ्या हातात दिला. वाईट बातमी सांगायला घरात एक गोष्टीवेल्हाळ बाई असते. मी सगळं सांगितलं, या खेपेला काही न वाढवता.

“म्हंजे लहानाचा अन् मोठ्याचा वंश एकच?”

“एकच.”

“अन् पोरगी? पास करतीन ना तिले?”

“करतील.”

“मंग झालं.” ते पलीकडे खाकरले. “मी तं साऱ्या गावाले सांगून बसलो, गावाचं नाव लागते म्हून. हासतीन आता.” मग म्हणाले, “तसेबी हासून राह्यलेत. यंदा धुरा नाई काढला मी. सारी मुंडी फुलून हाये. बाजूवाला म्हनते, गज्या आयशी झाला.”

“आळशी तर तुम्ही नाही. काहून नाही काढला?” माझ्या तोंडात त्यांचीच बोली आली.

“काय मालूम. सकायी पानी द्याले जातो तं एखादं फूल तोडतो. तयहातावर झटकतो.”

“काय दिसतं?”

“दिसत तं काईच नाई ना ताई. काये ठिपके दिसतेत,” ते म्हणाले. “पन ते चालाले लागले का मी हात हालवत नाई.”